काळजी न करता मजेत राहणं : स्वभाव की सवय?

ओंजळ

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस हा विषय मनात घोळतोय. 'फार विचार करू नकोस, मजेत राहा' हे आपण एकमेकांना सारखं ऐकवत असतो. सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण ज्याची झोप उडालेली आहे त्याच्या डोक्याला ते ऐकून आणखी एक घोर लागतो, की आता आपल्याला मजेत राहणंही जमत नाही! म्हणून या सल्ल्याच्या थोडं खाली उतरून बोलावं असं वाटलं.

माझ्या ओळखीत काही माणसं खरोखर निवांत आहेत. पैसा बेताचाच. आजारपणं, नोकरी जाणं, घरातली भांडणं, सगळं त्यांच्याही वाट्याला आलेलं. तरी ती हसतमुख असतात आणि ते हसू ओढूनताणून आणलेलं नसतं. त्यांच्यात मला एक गोष्ट सारखी दिसते. त्यांच्यापैकी कुणीही पैशाकडे पाठ फिरवून बसलेलं नाही. महिन्याला किती येतं, किती जातं, कुणाचं किती देणं आहे, हे त्यांना तोंडपाठ असतं. ठरलेल्या वेळी हिशेब करतात, वही मिटतात, आणि मग तो विषय त्या दिवसापुरता खरंच संपतो. याउलट दिवसरात्र पैशाची चिंता करणाऱ्या बऱ्याच जणांनी आपला हिशेब एकदाही कागदावर उतरवलेला नसतो. आकडा माहीत नसतो म्हणून भीतीला काठच राहत नाही.

तेव्हा माझं म्हणणं असं, की आनंदी राहायला अडचणीकडे डोळेझाक करावी लागत नाही. उलट तिच्याकडे एकदा सरळ बघावं लागतं. जे करता येईल ते ठरवायचं, आणि उरलेला दिवस तिला द्यायचा नाही. यातला शेवटचा भाग सगळ्यात अवघड आहे हे मान्य.

तो अवघड का, याचं एक कारण मला फार पटलं. रँडॉल्फ नेसी नावाचे मानसोपचारतज्ज्ञ उत्क्रांतीच्या अंगाने भीतीचा विचार करतात. त्यांचं म्हणणं, आपली भीती धूर ओळखणाऱ्या यंत्रासारखी बेतलेली आहे. आग नसताना उगाच वाजलं तर थोडा त्रास होतो, पण आग असताना वाजलं नाही तर सगळंच संपतं. म्हणून ते यंत्र दहादा खोटं वाजेल असंच घडवलेलं असतं. पूर्वजांपैकी जे गवत हललं की दचकत होते ते तगले, आणि आपण त्यांचे वंशज. म्हणजे मनात काळजी उठली याचा अर्थ तितकाच मोठा धोका समोर आहे असा होत नाही. हे समजलं की काळजी थांबत नाही, पण तिच्यावरचा आपला विश्वास थोडा कमी होतो, आणि तेवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

याला जोडून एक अभ्यास सांगते. 2020 मध्ये लाफ्रेनिएर आणि न्यूमन या संशोधकांनी, अतिकाळजीचा विकार असलेल्या 29 जणांना आपल्या काळज्या टिपून ठेवायला सांगितल्या. 30 दिवसांत त्यातल्या किती खऱ्या ठरल्या ते तपासलं. 91.4 टक्के काळज्या खऱ्या ठरल्याच नाहीत. माणसं थोडी आहेत, तेव्हा आकड्याला कवटाळून बसायला नको. मला त्यातली कृती महत्त्वाची वाटते. आपली प्रत्येक काळजी म्हणजे एक भाकीत असतं, पण ते खरं ठरलं का हे आपण मागे वळून कधी बघत नाही. खोटी ठरलेली काळजी विसरली जाते आणि तिची जागा दुसरी घेते.

शेवटचा मुद्दा गरजांचा. ग्रीक विचारवंत एपिक्युरस (इ. स. पू. 341 ते 270) याचं नाव चैन आणि खाणंपिणं यांच्याशी जोडलं गेलं, पण प्रत्यक्षात तो अगदी साधेपणाने राहायचा. त्याने इच्छांचे तीन भाग केले : नैसर्गिक आणि आवश्यक, नैसर्गिक पण अनावश्यक, आणि दोन्ही नसलेल्या, म्हणजे कीर्ती, सत्ता, अमाप संपत्ती. पहिल्या भागातल्या इच्छा लवकर भागतात आणि भागल्या की शांत होतात. तिसऱ्या भागातल्या इच्छांना अंतच नाही, कारण कुठे थांबायचं ते त्या स्वतः सांगू शकत नाहीत. ते आपल्यालाच ठरवावं लागतं.

तुमचे अनुभव, मतभेद, सगळं लिहा. जे निवांत आहेत त्यांनी तर जरूर लिहा, कारण अशी माणसं या विषयावर बोलतच नाहीत.

---

सांजवेळ

छान विषय. 'भीतीला काठच राहत नाही' याला +१००. आमच्याकडे वडील दर महिन्याच्या पहिल्या रविवारी हिशेब करायचे आणि तो झाला की घरात पैशाचा विषय निघत नसे. आम्ही भावंडं लहान होतो तेव्हा आम्हाला वाटायचं आपण श्रीमंत आहोत. तसे नव्हतो हे मोठेपणी कळलं.

---

रानवाट

ओंजळताई, लेख मनापासून लिहिलाय म्हणून मीही मनापासून लिहितो. मला यातला बराच भाग पोट भरलेल्यांसाठी वाटतो.

हिशेब मांडला की काठ दिसतो, हे खरं. पण काठ दिसल्यावर पाणी डोक्यावरून चाललंय हेच दिसलं तर? महिन्याला येणारा पैसा गरजांपेक्षाच कमी असेल, तर वही मिटून माणूस निवांत कसा होणार? अशा माणसाची काळजी हे खोटं वाजणारं यंत्र नाही. तिथे खरोखर आग आहे.

2013 मध्ये याच विषयावर एक अभ्यास झाला होता. मणी, मुल्लैनाथन, शफीर आणि झाओ यांचा. त्यांनी तमिळनाडूतले ऊस उत्पादक शेतकरी घेतले. ऊस गेल्यावर हातात पैसा येतो, त्याच्या आधीचे महिने ओढगस्तीचे असतात. त्याच शेतकऱ्यांना तोडणीच्या आधी आणि नंतर, दोनदा, बुद्धीची तीच कामं दिली. तोडणीआधी त्यांची कामगिरी लक्षणीय घसरलेली दिसली. माणूस तोच, शिक्षण तेच, फक्त पैशाची चणचण मनात ठाण मांडून बसलेली. म्हणजे टंचाई विचार करायची ताकदच खाऊन टाकते, आणि वर आपण त्याच माणसाला सांगतो की नीट विचार कर, नियोजन कर, हसत राहा.

'समाधानी राहा' हे वाक्य कोण कुणाला सांगतंय, हे मी नेहमी बघतो. ज्याचं देणं आहे त्याने ज्याला द्यायचं आहे त्याला ते सांगू नये. पगार वाढवून न देणारा मालक, हक्काचा वाटा न देणारा भाऊ, ही माणसं समाधानाचे गुण फार गातात. समाधान स्वतः निवडलेलं असेल तरच ते चांगलं. दुसऱ्याने गळ्यात घातलेलं नको.

तुमच्यावर टीका नाही. पण धाग्यात ही बाजू यायला हवी होती.

---

ओंजळ

रानवाट, तुम्ही ही बाजू आणलीत हे फार बरं झालं. मालकाने नोकराला समाधान शिकवू नये, याला पूर्ण अनुमोदन.

जिथे पैसा खरोखर अपुरा आहे तिथला उपाय पैसाच. कामाचा योग्य मोबदला, मदत, कर्जाची फेररचना, नातेवाइकांचा हात, जे मिळेल ते. तिथे मनाला शिकवत बसणं हा अन्याय आहे. तुम्ही सांगितलेल्या अभ्यासातून मला आणखी एक दिसतं. टंचाईत विचारशक्ती कमी होते, तर अशा घराला कमीत कमी निर्णय घ्यावे लागतील अशी सोय जवळच्यांनी करून द्यायला हवी. एखादा फॉर्म भरून देणं, तारखा लक्षात ठेवणं, सोबत जाणं. सल्ल्यापेक्षा हे कितीतरी मोलाचं.

पण मी ज्यांच्यासाठी लिहिलं ती माणसंही खूप आहेत. गरजा भागतात, थोडं शिल्लकही पडतं, आणि तरी रात्री छताकडे बघत पडलेली असतात.

---

कोरा_कागद

पैशाने सुख मिळत नाही हे सिद्धच झालंय की! 1978 चा ब्रिकमन आणि सहकाऱ्यांचा लॉटरीचा अभ्यास बघा. लॉटरी लागलेले 22 जण इतरांपेक्षा फारसे आनंदी नव्हते, उलट रोजच्या साध्यासुध्या गोष्टींतला त्यांचा आनंद कमी झाला होता. माणूस कशालाही सरावतो. नवी गाडी, नवं घर, पगारवाढ, काही महिन्यांत सगळं नेहमीचंच होतं. मग धावायचं कशाला?

---

दीपमाळ

कोरा_कागद, सरावण्याचा मुद्दा बरोबर आहे, पण 'सिद्ध झालंय' असं म्हणायला थोडं थांबा. या प्रश्नाची पुढची गोष्ट फार रंजक आहे.

1978 चा तो अभ्यास अगदी छोटा होता. नंतर स्वीडनमध्ये हजारो लॉटरी विजेत्यांवर मोठं काम झालं, ते 2020 मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात मोठं बक्षीस मिळालेल्यांचं आयुष्याबद्दलचं समाधान वाढलेलं दिसलं आणि दहा वर्षांहून अधिक काळ टिकलेलंही दिसलं. रोजचा आनंद किंवा मानसिक आरोग्य यांत मात्र फरक कमी होता.

पगाराचंही तसंच. 2010 मध्ये डॅनियल कानमन आणि अँगस डीटन यांनी अमेरिकेतल्या साडेचार लाख उत्तरांवरून सांगितलं, की वर्षाला साधारण 75,000 डॉलरनंतर रोजचा आनंद वाढायचा थांबतो. हा आकडा जगभर गाजला. 2021 मध्ये मॅथ्यू किलिंग्सवर्थ यांनी फोनवरून, दिवसात वेळोवेळी 'आत्ता कसं वाटतंय' असं विचारून वेगळं उत्तर काढलं : आनंद थांबत नाही, वाढत राहतो. मग कानमन आणि किलिंग्सवर्थ यांनी, बार्बरा मेलर्स यांना मध्यस्थ घेऊन, एकत्र बसून दोन्हींची आकडेवारी पुन्हा तपासली. 2023 मध्ये निष्कर्ष आला. बहुतेकांचा आनंद उत्पन्नाबरोबर वाढतो, पण सगळ्यात दुःखी असलेल्या साधारण पाचव्या हिश्शाच्या लोकांचा एका मर्यादेनंतर थांबतो. वियोग, नैराश्य अशा ज्या दुःखांवर पैशाचं औषध चालत नाही, ती त्यांची दुःखं असावीत, असा अंदाज त्यांनी मांडला. मतभेद असलेल्या दोन अभ्यासकांनी भांडत न बसता एकत्र काम केलं, हे मला निष्कर्षाइतकंच आवडलं.

आता यातला आपल्या कामाचा भाग. उत्पन्न आणि आनंदाचं नातं पटीत चालतं. उत्पन्न दुप्पट झालं की आनंद एक पायरी चढतो, आणि पुढच्या तेवढ्याच पायरीसाठी ते पुन्हा दुप्पट व्हावं लागतं. म्हणून कमी उत्पन्नात थोडीशी वाढही खूप सुख देते आणि जास्त उत्पन्नात तेवढीच वाढ जाणवतही नाही. रानवाट यांचं म्हणणं आणि ओंजळ यांचं म्हणणं, दोन्ही या एकाच आलेखावर बसतात, फक्त वेगवेगळ्या टोकांना.

---

सांजवेळ

दीपमाळ, काय सुरेख उलगडून सांगितलंत! धन्यवाद.

---

धुकं

सगळं वाचतेय. मला सगळं पटतं, दिवसा पटतं. पण रात्री दोन-तीनला जाग येते आणि त्या वेळी माझ्या मनात जे चालतं ते कुठल्याच अभ्यासाला जुमानत नाही. मुलाची फी, आईची तब्येत, माझी नोकरी टिकेल का. पैसे आहेत. काही बुडत नाहीये. तरी छातीवर कुणीतरी बसल्यासारखं होतं. अशा वेळी नक्की काय करायचं ते कुणी सांगेल का?

---

पायवाट

धुकं, मी समुपदेशनाच्या क्षेत्रात आहे. समोर न बसता सल्ला देणं बरोबर नाही, म्हणून सर्वसाधारण असं जे अनेकांना उपयोगी पडतं तेवढंच लिहितो.

आधी त्या वेळेबद्दल. मध्यरात्री जाग आल्यावर प्रश्न प्रत्यक्षाहून मोठे दिसतात. अंधार असतो, बोलायला कुणी नसतं, आणि त्या क्षणी करण्यासारखं काहीच हातात नसतं. एरवी काळजीला कृतीत वाट मिळते, तेव्हा मिळत नाही. म्हणून त्या वेळी उठलेला कुठलाही निष्कर्ष ग्राह्य धरायचा नाही, हा नियमच करावा. 'याचा विचार उद्या संध्याकाळी सहा वाजता करू' असं स्वतःला सांगावं, आणि दुसऱ्या दिवशी सहा वाजता खरंच करावा.

हे 'सहा वाजता' मी सहज म्हटलेलं नाही. टॉमस बोर्कोव्हेक आणि सहकाऱ्यांनी 1983 मध्ये ही पद्धत मांडली. दिवसातली अर्ध्या तासाची ठरावीक वेळ आणि ठरावीक जागा फक्त काळजीसाठी राखून ठेवायची. इतर वेळी काळजी आली की तिची नोंद घ्यायची आणि त्या वेळेवर ढकलायची. त्या अर्ध्या तासात मात्र मन लावून काळजी करायची, शक्यतो लिहून. यात दडपणं नाही, म्हणून मन ऐकतं. 'विचार करू नकोस' म्हटलं की तो विचार उसळून वर येतो. 'थांब, तुझी वेळ ठरलेली आहे' म्हटलं की तो बऱ्याचदा थांबतो. आणि सहा वाजता वही उघडली की अर्ध्या गोष्टींबद्दल लिहिण्यासारखं काही उरलेलंच नसतं. सुरुवातीचे काही दिवस हे खोटंखोटं वाटतं. नेटाने करत राहावं.

जागा निवडताना अंथरूण आणि आवडती खुर्ची टाळा. त्या जागा विश्रांतीसाठीच राहू द्या.

दुसरं, झोपण्याआधी पाच मिनिटं उद्याची आणि पुढच्या काही दिवसांची कामं लिहून काढा. 2018 मध्ये मायकेल स्कलिन यांच्या प्रयोगात अशी यादी लिहिणाऱ्यांना, झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली, आणि यादी जितकी नेमकी तितकी झोप लवकर. 'फीचं बघायचं' असं लिहू नका. 'मंगळवारी शाळेत फोन करून हप्त्यांबद्दल विचारायचं' असं लिहा. अर्धवट राहिलेलं काम मन सारखं पुढे आणत राहतं. ते कधी आणि कसं करायचं हे ठरलं की, काम झालेलं नसलं तरी, ते बऱ्यापैकी शांत होतं.

एक मात्र नक्की. छातीवर दडपण, धडधड, झोप उडणं हे आठवडेच्या आठवडे चालत असेल तर डॉक्टरांना भेटा. थायरॉइड, रक्ताची कमतरता अशी शारीरिक कारणंही असतात, ती तपासून घ्यावीत. अतिकाळजीच्या विकारावर चांगले उपचार आहेत. तो स्वभाव म्हणून सोसत बसायची काहीच गरज नाही.

---

धुकं

पायवाट, मनापासून आभार. डॉक्टरांची वेळ घेते. आणि संध्याकाळची सहाची वेळ मी आजपासूनच ठरवते आहे.

---

उंबरठा

मी कर्जवाटपाच्या क्षेत्रात बरीच वर्षं काम केलंय, म्हणून एक व्यवहाराची गोष्ट.

हप्ता चुकणार हे कळल्यावर माणसं पहिली कुठली गोष्ट करतात? फोन उचलायचं थांबवतात. पत्रं न उघडता ठेवतात. भीतीपोटी होतं हे, मी त्यांना दोष देत नाही. पण हप्ता चुकण्याच्या आधी, स्वतःहून जाऊन जो सांगतो, त्याच्यासाठी मुदत वाढवणं, हप्ता कमी करणं असे मार्ग सहसा खुले असतात. चार हप्ते थकल्यावर तेच मार्ग अरुंद होतात आणि वर दंड चढलेला असतो. सगळ्यात जास्त व्याजाचं देणं आधी फेडा, एक देणं फेडायला त्याहून महाग कर्ज घेऊ नका, आणि महिन्या-दोन महिन्यांचा खर्च भागेल इतकी शिल्लक, अगदी थोडी थोडी करून का होईना, बाजूला पडू द्या. अशी शिल्लक पडायला लागली की माणसाचा चेहरा बदलतो. ते मी समोर बसून पाहिलंय. रक्कम छोटी असते, पण पुढच्या वेळी काही मोडलं-बिघडलं तर कुणापुढे हात पसरावा लागणार नाही, एवढं त्याला माहीत असतं.

ऋण काढून सण करणाऱ्याला मी आनंदी म्हणत नाही. त्याचा आनंद पुढच्या महिन्यातून उसना आणलेला असतो.

---

जुना_खांब

मुलांनो, मी निवृत्त होऊन बराच काळ झाला. इथे बहुतेक सगळे माझ्यापेक्षा लहान असाल म्हणून मुलांनो म्हणतो.

ओंजळताईंनी म्हटलं की कुठे थांबायचं ते आपल्यालाच ठरवावं लागतं. मला यावर जोर द्यायचा आहे, कारण ते लोक ठरवतच नाहीत. 'पुरेसं' म्हणजे किती, हा आकडा लिहून काढलेला माणूस मला फार क्वचित भेटला. मग पुरेसं म्हणजे शेजाऱ्यापेक्षा थोडं जास्त, असं आपोआप होतं. शेजारी बदलतात, आकडा पुढे सरकत राहतो. आम्ही नवरा-बायकोने तरुणपणी एकदा बसून ठरवलं होतं, की घर असं असावं, मुलांचं शिक्षण इथवर, म्हातारपणासाठी एवढं. तिथे पोचल्यावर मी जास्त पैशाचं पण घरापासून लांबचं काम नाकारलं. लोकांना ते विचित्र वाटलं. आमच्या घरात त्याची चर्चासुद्धा झाली नाही, कारण चर्चा कधीच होऊन गेली होती.

दुसरी गोष्ट भीतीची. रोमन विचारवंत सेनेका सांगायचा, की अधूनमधून काही दिवस मुद्दाम अगदी कमीत कमीत राहावं, जाडेभरडे कपडे घालावेत, साधं खावं, आणि स्वतःला विचारावं, याचीच का आपल्याला भीती वाटत होती? तो स्वतः रोममधल्या अतिश्रीमंतांपैकी होता, त्यामुळे त्याच्या तोंडी हे सोपं होतं असं कुणी म्हणेल. पण एपिक्टेटस हा दुसरा विचारवंत गुलाम म्हणून जन्मला, पायाने अधू होता, आणि तोही सेनेकाच्याच, म्हणजे स्टोइक, परंपरेतला. काय आपल्या हाती आहे आणि काय नाही हे आधी वेगळं करा, हा त्याच्या शिकवणीचा पाया. दोन टोकांची दोन माणसं एकाच जागी पोचली, म्हणून मी त्या विचाराला मान देतो.

मी स्वतः असे साधे दिवस काढतो. काही दिवस काहीही विकत न घेता राहायचं. त्यातून बचत होते ती किरकोळ. पण 'हे गेलं तर माझं कसं होईल' असं ज्या गोष्टींबद्दल वाटत असतं, त्यातल्या बहुतेक गेल्या तरी दिवस चांगला जातो, हे अनुभवाने कळतं. वाचून कळत नाही ते.

---

रानवाट

जुना_खांब काका, 'स्वतः निवडलेलं समाधान' मी म्हटलं ते हेच. तुम्ही नाकारू शकत होतात आणि नाकारलंत. त्याला माझा नमस्कार.

थोडा पैसा हातात असेल तर तो कसा खर्च करावा यावरही एक आठवलं. 2008 मध्ये एलिझाबेथ डन, लारा अकनिन आणि मायकेल नॉर्टन यांनी काही जणांना सकाळी 5 किंवा 20 डॉलर दिले. अर्ध्यांना सांगितलं स्वतःवर खर्च करा, अर्ध्यांना सांगितलं दुसऱ्यावर. संध्याकाळी दुसऱ्यावर खर्च करणारे जास्त आनंदात होते, आणि रक्कम 5 होती की 20 याने फरक पडला नाही. चणचणीत वाढलेल्या माणसांमध्ये मी हे आयुष्यभर पाहत आलोय. त्यांच्याकडे देण्यासारखं फार नसतं, पण देताना त्यांचे चेहरे बघावेत.

---

मोरपीस

इतका वेळ नुसती वाचत होते. आता एक प्रश्न विचारते, जो इथे कुणी काढला नाही.

आमच्या घरात नवरा अगदी निश्चिंत आहे. सगळे म्हणतात, किती आनंदी माणूस! तो आनंदी आहे कारण बिलांच्या तारखा मी लक्षात ठेवते, विम्याचं मी बघते, महिनाअखेरीला कुठून कुठे पैसे फिरवायचे ते मी ठरवते. त्याच्या वाटणीची काळजीही मीच करते. आणि घरात चिडचिडी कोण, तर मी. त्याला काही म्हटलं की तो प्रेमाने सांगतो, 'तू फार विचार करतेस, सोड ना.' तो वाईट माणूस नाही. पण या 'मजेत राहा'चं ओझं कुणीतरी उचलत असतं, त्याचं काय?

---

सांजवेळ

मोरपीस, शब्दाशब्दाला अनुमोदन. वडिलांचं मी वर लिहिलंय, पण त्या रविवारी आई त्यांच्या शेजारी बसलेली असायची आणि अर्धे आकडे तीच सांगायची.

---

ओंजळ

मोरपीस, मी धागा काढला तेव्हा हे मनात नव्हतं, आणि आता वाटतं की याच्याशिवाय विषय पुरा झालाच नसता. घरातल्या एकाची निश्चिंती दुसऱ्याच्या जागरणावर उभी असेल, तर त्या घरात निश्चिंत कुणीच नाही. समाधान मोजायचं तर ते घराचं मोजावं.

माझ्या त्या निवांत ओळखीच्यांमध्ये एक जोडपं आहे. त्यांची पद्धत सांगते, तुम्हाला जमेल तशी घ्या. आधी त्यांनी पैशाच्या सगळ्या कामांची यादी केली. नुसती बिलं नाही. 'लक्षात ठेवणं' हेही काम म्हणून लिहिलं, कारण खरा थकवा त्याचाच असतो. मग प्रत्येक कामापुढे एक नाव घातलं. ज्याचं नाव, त्याने ते पहिल्यापासून शेवटपर्यंत करायचं, दुसऱ्याने आठवण करून द्यायची नाही. सुरुवातीला एक-दोन तारखा चुकल्या, दंड भरावा लागला. तो त्यांनी भरला आणि आठवण करून न देण्याचा नियम मोडला नाही. काही महिन्यांनी कामांची अदलाबदल केली, म्हणजे प्रत्येकाला दुसऱ्याचं काम किती डोकं खातं ते कळावं.

'तू फार विचार करतेस' याला उत्तर द्यायचं असेल तर वादात पडू नका. त्यांना फक्त म्हणा, की मी विचार सोडते, पण तो तुम्ही हातात घ्या. विम्याची तारीख, बिलं, महिनाअखेर, हे एका कागदावर लिहून द्या. पायवाट यांची काळजीची वेळ दोघांनी मिळून पाळली तरी चालेल. आठवड्यातून एक संध्याकाळ, दोघं समोरासमोर, वही मध्ये. जो एरवी काळजी करत नाही त्याने त्या वेळी बोलायला सुरुवात करायची.

---

पायवाट

ओंजळ, एक भर घालतो. पहिल्या बैठकीत खर्चाबद्दल कुणी कुणाला जाब विचारू नये. फक्त आकडे वाचायचे आणि पुढच्या आठवड्यात कोण काय करणार तेवढं ठरवायचं. जुने हिशेब उकरले की दुसरी बैठक होत नाही.

---

मोरपीस

कागद लिहायला घेतला. पहिल्या पानावर जागा पुरली नाही. आज रात्री त्याच्यासमोर ठेवते आणि पुढच्या आठवड्यात इथे कळवते.